गायीचा भ्रूण परदेशात पाठवायचा तर काय लागतं? प्रयोगशाळेच्या आधी पाहतात गोठ्याची नोंद

अनसिंग (ता. वाशीम) : चांगल्या दुधाची गाय जहाजात चढवून परदेशात पाठवायची, हा जुना प्रकार झाला. आता त्याच गायीचा सात दिवसांचा भ्रूण प्लास्टिकच्या बारीक नळीत भरतात, द्रव नत्रात उणे १९६ अंशांवर गोठवतात, आणि अख्ख्या कळपाचा वंश एका टाकीत बसून विमानानं जातो. तिकडं एखाद्या साध्या, निरोगी गायीच्या गर्भाशयात तो सोडायचा. नऊ महिन्यांनी वासरू होतं ते आपल्या गायीचं.

ऐकायला सोपं वाटतं, आणि भुलायला होतं ते इथंच. ‘तुमच्या गीर गायीचे भ्रूण परदेशात विकून देतो, लाखो मिळतील’ असं सांगणारा माणूस उद्या गावात आला, तर त्याला काय विचारायचं हे आधी माहीत असलेलं बरं. दुसरं असं की परदेशाचं राहू द्या, यातल्या बऱ्याच अटी अशा आहेत की त्या पाळल्या तर फायदा आपल्याच दावणीचा होतो. म्हणून ही माहिती.

शंभर वर्षांपूर्वीची एक चूक

जनावरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आज जे नियम आहेत, त्यांच्या मुळाशी भारतातूनच निघालेली जनावरं आहेत. १९२० साली भारतातून ब्राझीलला जाणारी वशिंडाची जनावरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली. त्यांच्यासोबत बुळकांडी उतरली आणि बेल्जियममधल्या गायींत पसरली. बुळकांडी काय होती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोठेच्या कोठे रिकामे व्हायचे. त्या साथीनं युरोपचे देश हादरले आणि २५ जानेवारी १९२४ ला पॅरिसमध्ये २८ देशांनी मिळून जनावरांच्या रोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था काढली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. भ्रूण कसा काढायचा, कसा धुवायचा, सोबत कोणता दाखला द्यायचा, याचे मूळ नियम तिच्याच संहितेत आहेत.

भारताला बुळकांडीमुक्त दर्जा मिळाला २००६ मध्ये, आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. ब्राझीलनं मात्र आपली गीर आणि आंध्रातली ओंगोल जनावरं नेणं सोडलं नव्हतं. १९६० च्या दशकात तिकडं गेलेली भारतीय जनावरं आधी समुद्रातल्या फर्नांडो दि नोरोन्या नावाच्या बेटावर अलग ठेवली गेली, मगच मुख्य भूमीवर उतरवली. आज ब्राझीलमध्ये ओंगोलपासून झालेली नेलोर ही मांसासाठीची मोठी जात आहे आणि तिथली गीर दुधासाठी नाव कमावून आहे. एवढा खटाटोप, बेट, जहाज, महिनोन्‌महिने चारा-पाणी, हे सगळं भ्रूणामुळं वाचतं. जिवंत जनावरासोबत गोचीड येते, शेण येतं, श्वासातून रोग येतो. भ्रूणासोबत यातलं काही येत नाही. पण तो नीट काढला असेल तरच.

भ्रूण काढतात कसा

दोन पद्धती आहेत. पहिलीत दात्या गायीला चार-पाच दिवस संप्रेरकाची इंजेक्शनं देतात. त्यामुळं एका माजात एकाऐवजी अनेक बीजं सुटतात. मग कृत्रिम रेतन करतात आणि साधारण सातव्या दिवशी गर्भाशयात नळी घालून विशिष्ट द्रवानं ते धुऊन भ्रूण बाहेर काढतात. ऑपरेशन नाही, चिरफाड नाही. गाय उभीच असते. एका वेळी सरासरी पाच-सहा चांगले भ्रूण मिळतात असं धरतात. प्रत्यक्षात कधी एकही मिळत नाही, कधी दहाच्या वर जातात. दुसऱ्या पद्धतीत सोनोग्राफीच्या मदतीनं सुईनं अंडाशयातून बीजच काढून घेतात आणि फलन प्रयोगशाळेत करतात. लोक याला टेस्ट ट्यूब वासरू म्हणतात. भारतात प्रयोगशाळेत फलन केलेल्या बीजापासून म्हशीचं पहिलं रेडकू १९९० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत जन्मलं. त्याचं नाव ‘प्रथम’ ठेवलं होतं.

निर्यातीच्या नियमांत या दोन पद्धतींना वेगळी प्रकरणं आहेत, हे लक्षात ठेवा. कारण पुढं येतंच.

दहा वेळा धुणं

सात दिवसांचा भ्रूण मिठाच्या कणापेक्षाही बारीक. त्याच्याभोवती काचेसारखं पारदर्शक कवच असतं. शास्त्रज्ञ त्याला झोना पेलुसिडा म्हणतात. गायीच्या भ्रूणाची सगळी आरोग्याची हमी या कवचावर उभी आहे. कवच अखंड असेल तर बरेचसे विषाणू आणि जिवाणू आत शिरत नाहीत, बाहेरच राहतात, आणि बाहेर असलेलं धुता येतं.

धुण्याची रीत ठरलेली आहे. स्वच्छ द्रवाच्या थेंबांतून भ्रूण किमान दहा वेळा न्यायचा. दर वेळी आधीच्या द्रवाचा जो अंश सोबत येतो तो नव्या द्रवात निदान शंभर पटीनं पातळ झाला पाहिजे. दर वेळी नवी, निर्जंतुक नळी. एका वेळी दहापेक्षा जास्त भ्रूण धुवायचे नाहीत आणि दोन गायींचे एकत्र धुवायचे नाहीत. धुऊन झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली किमान पन्नास पट मोठा करून सगळ्या बाजूंनी पाहायचं, की कवचाला चीर नाही ना, काही चिकटलेलं नाही ना. तडा गेलेला भ्रूण बाद.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. तणनाशक मारलेला पंप एकदा खळबळून त्यातच कपाशीची फवारणी कुणी करत नाही. २-४ डी चा उरलेला थेंबसुद्धा कपाशीची पानं आखडवतो, हे ज्यानं एकदा भोगलंय तो पंप चार वेळा धुतो. तत्त्व तेच आहे, फक्त हिशेब फार कडक.

काही विषाणू कवचाला चिकटून बसतात, साध्या धुण्यानं सुटत नाहीत. गायी-म्हशीत वार न पडणं, गर्भपात, नाक-डोळे वाहणं अशा तक्रारींमागं असलेला आयबीआर हा त्यातला एक, आणि तो आपल्या देशात सगळीकडं आढळतो. त्यासाठी दहा धुण्यांच्या मध्ये ट्रिप्सिन नावाच्या विकराचे दोन हात द्यावे लागतात. ट्रिप्सिन चिकटलेलं सोडवतं, पुढची धुणी ते वाहून नेतात.

कोणता रोग धुऊन जातो, कोणता जात नाही

आंतरराष्ट्रीय भ्रूण तंत्रज्ञान संस्थेनं रोगांचे चार गट पाडले आहेत. पहिल्या गटातल्या रोगांबाबत पुरेसा पुरावा आहे, की नियमाप्रमाणं धुतलेल्या भ्रूणातून ते पसरण्याचा धोका नगण्य आहे. गायीच्या बाबतीत या गटात लाळ्या-खुरकूत आहे, ब्रुसेल्ला आहे, नीलजिव्हा आहे, ट्रिप्सिनच्या अटीवर आयबीआर आहे.

लाळ्या-खुरकूत पहिल्या गटात असणं, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट. ज्या देशात लाळ्या-खुरकूत आहे तिथली जिवंत गाय रोगमुक्त देश दारातही उभी करत नाही. पण गायीच्या गर्भाशयातून काढलेला आणि नियमानं धुतलेला भ्रूण मात्र, निर्यात करणाऱ्या देशात लाळ्या-खुरकूत असो वा नसो, त्या रोगाच्या कारणावरून अडवू नये असं संहिता सांगते. प्रयोगशाळेत फलन केलेल्या भ्रूणाला ही सवलत अशी सरसकट नाही. त्याचं कवच थोडं वेगळं बनतं, काही विषाणू त्याला जास्त घट्ट चिकटतात, म्हणून दात्या गायीवर आणि ती जिथं राहते त्या भागावर जास्त अटी येतात. वर दोन पद्धती लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

शेळीला गायीचा नियम लावायचा नाही. शेळी-मेंढीच्या भ्रूणाबाबत लाळ्या-खुरकूत पहिल्या गटात नाही, पुरावा तेवढा नाही. बेरारी शेळीचे भ्रूण काढू म्हणणाऱ्यानं हे पाहायला हवं.

आता तिसरा-चौथा गट. इथं पुरावा अपुरा किंवा अभ्यासच कमी. लंपी या बाजूला आहे, गायीचा क्षयरोग आणि जोन्स रोगही. या रोगांसाठी ‘आम्ही दहा वेळा धुतलं’ हे उत्तर चालत नाही. मग घेणारा देश विचारतो : गाय कुठं होती? तिच्या गोठ्यात, गावात, आजूबाजूला हा रोग कधी होता? लस कधी दिली? भ्रूण काढल्यानंतरच्या आठवड्यांत ती आजारी पडली का? या प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. ती गोठ्यात असतात, किंवा कुठंच नसतात.

खरी परीक्षा गोठ्याची

२०२२ चा पावसाळा आठवा. ऑगस्टमध्ये जळगावकडून लंपी सुरू झाला आणि बघता बघता वाशीमसह पश्चिम विदर्भात आला. सप्टेंबरात सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बैलबाजार बंद पडले, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली. ज्यांची जनावरं गेली त्यांना शासनाची मदत होती. दुधाळ गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. त्या वेळी एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली : ज्याच्या जनावराची नोंद होती त्याचं काम सरळ झालं.

भ्रूणाच्या बाबतीत हेच दसपट कडक. संहितेप्रमाणं दाती गाय ज्या कळपातली, त्या कळपाची पशुवैद्यकीय यंत्रणेला माहिती पाहिजे आणि त्यावर तिचा अधिकार चालला पाहिजे. पहिल्या गटाबाहेरच्या रोगांमुळं त्या कळपावर निर्बंध असतील तर ती गाय चालत नाही. भ्रूण काढायच्या दिवशी पथकाच्या पशुवैद्यकानं गाय तपासून रोगाची लक्षणं नाहीत असं लिहून द्यावं लागतं. ज्या वळूचं वीर्य वापरलं त्याचीही वंशावळ आणि तपासण्या लागतात, म्हणजे मान्यताप्राप्त केंद्राचंच वीर्य. गावातल्या सोडलेल्या सांडाकडून फळलेली गाय इथं उपयोगाची नाही.

या सगळ्याची कडी म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा बारा अंकी नंबर हा जनावराचा आधार नंबर समजा. ११ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लाची लस याच नंबरावर चढते. आता नोंद भारत पशुधन प्रणालीत होते. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. तरी बाजाराच्या आदल्या दिवशी बिल्ला मारून घेणारे आणि दाखला झाल्यावर विसरणारे आपल्यात आहेतच. काही जण तर कान चिघळेल म्हणून बिल्ला काढूनही टाकतात. कान चिघळला तर औषध लावा. बिल्ला गेला तर त्या जनावराचा सगळा इतिहास गेला.

हे नुसतं कागदी का नाही, याचं एक उदाहरण. ब्रुसेल्लाची लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच देतात, नर वासराला देत नाहीत. आता ती गाय मोठी झाली, रक्त तपासलं आणि अहवाल संशयित आला. तो लशीचा परिणाम की खरा रोग? लस कोणत्या तारखेला, कोणत्या वयात दिली याची नोंद असेल तर डॉक्टर पुढं विचार करू शकतात. नसेल तर गाय बाद, कितीही दूध देत असली तरी. लाळ्या-खुरकुताचंही तसंच. लशीमुळं तयार झालेली प्रतिपिंडं आणि रोगामुळं झालेली प्रतिपिंडं यांत फरक करणारी तपासणी आहे, पण लस किती वेळा आणि केव्हा दिली हे माहीत असेल तर तिचा अर्थ नीट लागतो. ही लस दर सहा महिन्यांनी घ्यायची असते. एक फेरी चुकवली तर चुकलेली दिसते.

आणि गर्भपात. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की आपण काय करतो? नशिबाला दोष देतो, वार आणि मेलेलं वासरू उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकतो, कुत्री ते ओढत गावभर फिरवतात. शेवटच्या महिन्यांतला गर्भपात हे ब्रुसेल्लाचं मोठं लक्षण आहे, आणि हा रोग माणसाला होतो. येऊन-जाऊन ताप, सांधे धरणं, रात्रीचा घाम, थकवा. महिनोन्‌महिने कळतच नाही काय झालंय. अशी वार हातमोजे घातल्याशिवाय ओढू नका, गाभण बायांना तर जवळही जाऊ देऊ नका. वार आणि वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ती जागा धुवा, आणि दवाखान्यात कळवा म्हणजे नमुना घेतला जाईल. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. निर्यातीच्या भाषेत याला कळपाचा रोगइतिहास म्हणतात. घरात त्याला आपली तब्येत म्हणतात.

गोठ्याच्या पुढचे कागद

भ्रूण काढणारं पथक शासनमान्य असावं लागतं, आणि सरकारी पशुवैद्यक वर्षातून निदान एकदा त्याची पाहणी करतो. प्रयोगशाळा कायमची असू शकते किंवा फिरती, म्हणजे गाडीतली. फिरती असली तरी जनावर हाताळायची जागा आणि भ्रूण हाताळायची जागा स्वतंत्र पाहिजे. शेणाचा बूट पलीकडं जाता कामा नये. वापरलेला द्रव, सीरम, ट्रिप्सिन हे प्राण्यांपासूनच बनलेले असतात, म्हणून तेही रोगमुक्त असल्याचा पुरावा ठेवावा लागतो. बाद झालेले भ्रूण आणि धुण्याचं पाणी नमुन्यासाठी ठेवतात. नळीवर ओळख, टाकीला सरकारी पशुवैद्यकाचं सील. भ्रूण देशाबाहेर गेल्यावरही पथकानं नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या.

मग परवानगी. गोवंशाचं वीर्य आणि भ्रूण यांच्या आयात-निर्यातीसाठी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. हा माल गावातून थेट कुरिअरनं जाणारा नाही. परदेशी कंपनीला भारतातलं जैविक संसाधन न्यायचं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, आणि देशी गायीचा भ्रूण हे जैविक संसाधनच. आरोग्य दाखल्यासाठी केंद्राची पशु संगरोध व प्रमाणन सेवा आहे. तिचं एक केंद्र मुंबईला आहे. त्या दाखल्यात काय लिहायचं हे मात्र घेणारा देश ठरवतो, त्यामुळं एका देशाला चाललेला दाखला दुसऱ्याला चालेलच असं नाही.

देशाची पत इथं कामी येते. वेड्या गायीच्या रोगाबाबत भारत २०१० पासून नगण्य धोक्याच्या गटात आहे. लाळ्या-खुरकूतमुक्त क्षेत्रासाठी केंद्रानं जी नऊ राज्यं पुढं धरली त्यात महाराष्ट्र आहे. तो दर्जा मिळायचा तर गावोगावच्या लसीकरणाच्या नोंदी दाखवाव्या लागणार, म्हणजे अनसिंगच्याही.

कुणी आलंच तर

पथकाचा मान्यता क्रमांक मागा. कोणत्या देशासाठी, त्या देशाची आरोग्य अट काय, ते कागदावर दाखवा म्हणा. भ्रूण गर्भाशयातून काढणार की बीज काढून प्रयोगशाळेत बनवणार, हे विचारा. एकही भ्रूण मिळाला नाही तर पैसे कोण देणार, संप्रेरकांनंतर गाय वेळेवर माजावर आली नाही तर काय, हे करारात घ्या. ‘नोंदणी फी’ आधी मागत असेल तर सरळ दवाखान्यात घेऊन जा, डॉक्टरसाहेबांसमोर बोलू द्या.

खरं तर आज आपल्या शेतकऱ्यासाठी भ्रूण हा बाहेर पाठवायच्या आधी आत आणायचा विषय आहे. राष्ट्रीय गोकुळ अभियानात प्रयोगशाळेतल्या भ्रूणापासून गाभण राहिल्याची खात्री झालेल्या प्रत्येक जनावरामागं पाच हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. घरची साधी पण निरोगी, वेळेवर माजावर येणारी गाय यात भाडोत्री आई होते. वासरात तिचा वंश नसतो, पण चीक तिचाच पितं, त्यामुळं इथल्या रोगांशी लढायची ताकद त्याला तिच्याकडून मिळते. तीही गाय घेण्याआधी तपासतात ते हेच : बिल्ला, लस, ब्रुसेल्ला, गर्भपाताचा इतिहास. सल्ल्यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळ आहे.

बिल्ला पडला असेल तर दवाखान्यात सांगून नवा लावून घ्या, आणि जुना नंबर माहीत असेल तर तो सोबत न्या, म्हणजे आधीच्या लशी नव्या नंबराशी जोडता येतील. चार ते आठ महिन्यांची कालवड दावणीला असेल तर ब्रुसेल्लाची लस याच वयात घ्यायची, नंतर नाही. जनावर आजारी असेल, गाभडलं असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी टोल-फ्री क्रमांक १९६२.